तीनचा पत्रा

कांदियागाशच्या यार्डात
तेलाच्या टाक्यांवर नंबर घालायचं काम माझं.
एकेका अंकाचा एकेक पत्रा, मधोमध कोरलेला.
पांढरा रंग मारायचा, पत्रा उचलायचा, पुढचा लावायचा.
अंक म्हणजे माझ्या लेखी निरनिराळ्या आकाराची भोकं.

त्या पहाटे उणे सव्वीस.
बोटं लोखंडाला चिकटून सोलत होती.
सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन
आणि तीनचा पत्रा हातातून सुटेना,
की सोडवायचा कंटाळा आला, आता आठवत नाही,
पुन्हा तीन.

बालझान नोंद घ्यायला आली.
उंटाच्या लोकरीची शाल, दातांत पेन्सिल.
दोन वर्षं अक्तोबेत गणित शिकलेली;
मग वडील गेले, मग या वह्या.
ती टाकीपुढे उभी राहिली
आणि पुढच्या टाकीकडे गेलीच नाही.

"दोसिम, शेवटचा अंक चुकलाय."
नियम तिला पाठ : एकाआड एक दुप्पट कर,
चौदा आले तर एक आणि चार सुटे कर,
सगळं मिळव.
पाच तीन नऊ तीन नऊ एक सहा.
छत्तीस.
चाळीस भरायला चार हवेत, तू दिलेस तीन.
एकोणचाळीस : नावातच उणी असलेली संख्या.
मी म्हणालो, माझा आणि या टाकीचा छत्तीसचाच आकडा.
ती हसली नाही.

हातमोजा काढला तिने.
ओल्या रंगाला न शिवता
शेवटच्या तीनसमोर तळवा धरला.
"पूर्ण वाच. आता हा सोडून वाच."
तळवा डावीकडे सरकत गेला
आणि ती पुटपुटत गेली :
७३९३९१३
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७
"कशानेच भाग जात नाही. एकीलाही नाही.
शेपूट छाटत जा, उरतं ते मूळच."

वसतिगृहात एका हिवाळ्यात
तिने हिला भागून पाहिलं होतं,
हजारावर मूळ संख्यांनी, एकेक करून,
आठ हजार सहाशेच्या अलीकडे येईपर्यंत.
दर वेळी बाकी उरायची.
"बाकी उरली की मला बरं वाटायचं," म्हणाली,
आणि मग उगाच पेन्सिलीचं टोक बघत बसली.

"हिच्यापुढे अजून एक अंक लावला तर?"
"कुठलाही लाव, मोडते.
या जातीची हिच्याहून मोठी नाहीच.
निदान दहा बोटांवर मोजणाऱ्यांच्या जगात."

सात कोटी, एकोणचाळीस लाख,
एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस.
आणि ती माझ्या हातून झाली होती,
थंडीने.

"आणि चार केला तर?"
"दोनने जाईल. तीननेही जाईल.
चारचौघींसारखी संयुक्त."
पलीकडे इंजिन तापलं होतं.
चुकीचा नंबर अक्तोबेचं यंत्र परत पाठवतं,
सबंध गाडी अडते, कुणाचा तरी पगार जातो.
मला वाटलं ती म्हणेल, राहू दे.
ती म्हणाली, "पूस."

रॉकेलच्या बोळ्याने पुसला.
नीट गेला नाही.
वर चारचा पत्रा धरला, रंग मारला,
खालून तीनची पाठ दिसत राहिली
बाक आलेल्या माणसासारखी.
बालझानने वहीत चार लिहिला. स्वच्छ, ठळक.
गाडी सुटताना मात्र
तिने एकदा मूठ उंचावली, अंगठ्याने हवेतला एक अंक झाकला.
बाकीचे सात तिच्या बाजूने होतेच.

तीनचा पत्रा मी कोटाखाली घालून घरी नेला.
महिन्याच्या हिशेबात साहेबांनी
त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले.
उरला तो मोजून पाहिला.
सरळ दोनने जात होता.